किंग कॅम्प जिलेट

जिलेटचा जन्म १८५५ सालीं अमेरिकेंत झाला. १८७१ च्या शिकागोच्या आगींत वडिलांचा धंदा जळाला आणि मुलगा फिरता विक्रेता बनला. बाटल्यांचीं बुचें करणाऱ्या त्याच्या धन्यानें, लोक वापरून फेकतील अशी वस्तु शोध, असा सल्ला दिला होता. १८९५ त, बोथटलेला वस्तरा हातीं असतां, पातळ पात्याची कल्पना सुचली. इतकें पातळ पोलाद कठीण होणार नाहीं, असें जाणत्यांचें मत पडलें. सहा वर्षें अशींच गेलीं. मग निकर्सन नामक यंत्रज्ञानें तें साधलें. १९०३ त अवघे ५१ वस्तरे खपले, पुढील वर्षीं ९० हजारांहून अधिक! मंदींत बरीच संपत्ति गमावून तो १९३२ त वारला.

गंमत अशी कीं, त्याचें फेकावयाचें पातें नशिराबादेंतील आमचे वडीलधारे सहसा फेकीत नसत. काचेच्या पेल्याच्या आंतल्या अंगास तें घाशीत आणि गंजानें धार जाऊं नये म्हणून पुसून कोरडें ठेवीत.