वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व कर्करोग-संशोधक होते. आनुवंशिकता, सवयी आणि परिस्थिती यांचा रोगाशी असलेला संबंध लोकसमूहांच्या पाहणीतून शोधणाऱ्या भारतातील आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी त्यांनी १९२३ मध्ये मिळवली. पुढे मुंबईच्या ग्रँट आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाल्यावर तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

संशोधन

मुंबईत एकाच हवेत राहणारे अनेक समाज विवाह मात्र आपापल्या जातीतच करीत. त्यांचा आहार, वेश आणि व्यसनेही निराळी असत. त्यामुळे रक्ताने आलेले कोणते आणि सवयीने जडलेले कोणते, हे ताडून पाहता येई. पारशी स्त्रियांत स्तनाचा, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक आढळे. असा फरक वंशाच्या माथी मारणे सोपे होते. खानोलकरांनी दोन्ही बाजू तपासल्या. एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांची सात आनुवंशिक लक्षणांवरून तुलना केली. दुसरीकडे, सवयींशी निगडित कर्करोगांवरील त्यांचा लेख १९४५ मध्येच प्रसिद्ध झाला होता. चुना लावलेली तंबाखू ओठाआड धरणाऱ्यांना नेमका तेथेच होणारा कर्करोग आणि घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने कमरेच्या त्वचेवर उद्भवणारा कर्करोग यांचे वर्णन त्यांनी केले. १९५५ च्या पाहणीत तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यतः तोंडाच्या, तर धूम्रपानाचा घशाच्या खालच्या भागातील कर्करोगाशी दिसून आला. कुळ बदलता येत नाही, सवय बदलता येते. म्हणून या निष्कर्षांना रोगप्रतिबंधाच्या दृष्टीने मोल होते.

या अभ्यासाचा आधार रुग्णालयातील नोंदींचा होता, ही त्याची मर्यादा होय. रुग्णालयाची पायरी न चढलेले रोगी त्यात येत नसत. संपूर्ण शहराच्या लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली.

कुष्ठरोगात मज्जातंतूंवर होणाऱ्या परिणामांचाही त्यांनी सूक्ष्म अभ्यास केला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक-संचालक होते. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन केले.

सन्मान

ते १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण व राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हे सन्मान दिले.