पतंग दिला आणि पुस्तक घेतलं!

नायगावहून चर्चगेट लोकल पकडून कुलाब्याला गेलात की ससून डॉक. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी. पुण्यात ससून हॉस्पिटल. हे आडनाव आपल्या तोंडात इतकं बसलंय, की ते मूळचं बगदादच्या एका ज्यू घराण्याचं आहे हे लक्षातही येत नाही. कापूस आणि अफूच्या व्यापारात या घराण्याने अफाट पैसा कमावला. त्याच घरातल्या एका मुलाला मात्र वेड लागलं जुन्या हिब्रू ग्रंथांचं.

त्याचं नाव डेव्हिड सॉलोमन ससून. जन्म मुंबईचा, १८८० सालचा. असं सांगतात, की आठ वर्षांचा असताना त्याने आपला पतंग देऊन एक दुर्मिळ छापील पुस्तक मिळवलं. बायबलमधल्या रूथच्या कथेचं ते अरबी भाषांतर होतं, मुंबईतल्या बगदादी ज्यूंसाठी छापलेलं. आई फ्लोरा स्वतः हिब्रूची गाढी अभ्यासक. १८९४ मध्ये वडील गेले, तेव्हा मुंबईच्या पेढीचा कारभार तिनेच हाती घेतला. १९०१ मध्ये हे कुटुंब लंडनला गेलं.

हे ग्रंथ दुर्मिळ का? तालमूद म्हणजे रब्बींच्या, अर्थात ज्यू धर्मपंडितांच्या, शेकडो वर्षांच्या वादचर्चेचा ग्रंथ. तो पहिल्यांदा पूर्ण छापला व्हेनिसमध्ये, १५२० ते १५२३ या काळात. छापणारा डॅनियल बोम्बर्ग हा ख्रिश्चन! पण १५५३ मध्ये रोममध्ये तालमूदच्या प्रती भर चौकात जाळल्या गेल्या. त्यात ज्यू लोक देवाचं नाव असलेलं जीर्ण पुस्तक फेकत नाहीत, पुरतात. मग जुनं उरणार किती?

जे उरलं ते शोधत डेव्हिड देशोदेशी फिरले. छापील पुस्तकं घेतलीच, पण खरा जीव जडला हस्तलिखितांवर. १९२९ मध्ये त्यांनी ३५० पौंडांना सुमारे ११०० वर्षांपूर्वीचं हिब्रू बायबल घेतलं. १९३२ मध्ये आपल्या हजारावर हस्तलिखितांची दोन खंडांची सूची छापली. नाव दिलं ‘ओहेल डेव्हिड’, म्हणजे डेव्हिडचा तंबू. पुण्यातल्या लाल देवळाचंही नाव तेच. १९३४ मध्ये श्मुएल हानागिद या अकराव्या शतकातल्या कवीचा काव्यसंग्रह त्यांनी प्रसिद्ध केला. नुसतं कपाट भरून ठेवणाऱ्यांतले ते नव्हते.

१९४२ मध्ये ते गेले. १९७५ पासून संग्रहाचे लिलाव सुरू झाले आणि तो जगभर पांगला. ते बायबल तर १९७८ मध्ये चक्क ब्रिटिश रेल्वेच्या पेन्शन फंडाने घेतलं! २०२३ मध्ये ते ३ कोटी ८१ लाख डॉलरला, म्हणजे ३०० कोटी रुपयांहून जास्त किमतीला विकलं गेलं. आता ते तेल अवीवच्या संग्रहालयात आहे.

संग्रह फुटला, पण सूची उरली. कुठलं हस्तलिखित काय होतं आणि कुणाकडे होतं, हे अभ्यासक आजही तिच्यात बघतात. आपल्या वसई-नायगावच्या घरांतही पेटीच्या तळाशी आजोबांच्या पोथ्या आणि जुनी प्रार्थनापुस्तकं पडून असतात. रद्दीवाला यायच्या आत निदान त्यांची यादी तरी करू या. त्याला ससूनांची तिजोरी लागत नाही, एक वही पुरते.