धारपांचं देणं



स्मरणिकेसाठी आवडत्या व्यक्तीवर लेख लिहायचं ठरलं, तेव्हा ग्रुपवर शास्त्रज्ञ, खेळाडू, समाजसेवक अशी छान छान नावं आली. मी नारायण धारप कळवलं. भुताच्या गोष्टी लिहिणारा माणूस शाळेच्या स्मरणिकेत कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण धारपांच्या निमित्ताने मला तुमच्यासमोर एक जुनी कबुलीही द्यायची आहे.

पेणला आमचं घर आणि रोह्याला आजोळ. मे महिन्याची सुट्टी लागली की दिवा-रोहा गाडीने कासू, नागोठणं करत आम्ही आजोळी पोचायचो. मामा वाचनालयातून पुस्तकं आणायचा. जाड पुठ्ठ्याची बांधणी, मऊ झालेले कोपरे, आत तारखांचे शिक्के. त्यातच धारप सापडले. संध्याकाळी वीज गेली की कंदिलाच्या उजेडात मी ते वाचायची आणि मग मागच्या पडवीत पाणी प्यायला जायची हिंमत व्हायची नाही.

नारायण गोपाळ धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. शिक्षण विज्ञान-तंत्रज्ञानाचं, मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. टेक. ही पदवी. नोकरीनिमित्त काही वर्षं ते आफ्रिकेत होते. पुढे पुण्यात स्थायिक झाले आणि १८ ऑगस्ट २००८ ला, त्र्याऐंशी पूर्ण व्हायला नऊ दिवस असताना, तिथेच गेले. पुस्तकं शंभराहून अधिक. पन्नास वर्षं सतत लिहिलं असं धरलं, तरी दर वर्षाला दोन पुस्तकं पडतात. लहर लागली की लिहिणाऱ्या माणसाचं हे काम नव्हे. रोज टेबलाशी बसणाऱ्याचं आहे.

त्यांची पुस्तकं लागोपाठ वाचली की कामाची पद्धत दिसू लागते. सुरुवात अगदी साधी. एखादा नोकरदार, त्याचं बिऱ्हाड, नवं घर नाहीतर वारसाने आलेलं जुनं. पहिली खूण क्षुल्लक असते : एखादा वास, एका खोलीतला गारवा, बंद दारामागचा आवाज. तो माणूस आधी साधी कारणं शोधतो. उंदीर असतील, ओल आली असेल, आपलीच झोप झाली नसेल. ही कारणं एकेक करून संपली की मग खरी भीती सुरू होते. आज मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते, तेही असंच चालतं. सोपी शक्यता आधी तपासायची, ती खोडायची, मग पुढची. धारपांच्या तांत्रिक शिक्षणाचा हा गुण असावा असं मला वाटतं. रक्ताच्या चिळकांड्या उडवण्यापेक्षा ते वाचकाच्या सुटकेच्या वाटा बंद करत जातात.

आपल्याकडची भुतं तशी पत्ता असलेली. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, चकवा वाटेवर. ती जागा टाळली की झालं. धारपांच्या कथांतलं अमंगळ मात्र कुठूनही घरात झिरपू शकतं. ते दुसऱ्या मितीतलं असतं, माणसाच्याही आधीपासूनचं असतं. अमेरिकन लेखक लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याच्या कल्पनांची छाया तिथे दिसते. विज्ञानकथाही धारपांना आपलीशी होती. 'नेनचिम' ही त्यांची कादंबरी त्याच वाटेवरची.

पण त्यांनी वाचकाला भीतीत एकटं सोडलं नाही. त्यांचा समर्थ येतो, कधी जयदेव येतो. साधनेने बळ कमावलेला, शांत माणूस. तो संकट ओळखतो, उपाय करतो आणि घर पुन्हा घर होतं. रोह्याच्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. दसऱ्यानंतर आमच्या धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात, पालखी घरोघरी फिरते आणि गावाला कोणीतरी राखणदार आहे या भरवशावर सगळे वर्षभर झोपतात. समर्थाच्या गोष्टी वाचून मला झोप लागायची ती याच भरवशावर.

आता कबुली. आपल्या नववीच्या हस्तलिखितात माझी कथा पहिली आली होती, आठवतंय? बाईंनी ती वर्गात वाचून दाखवली होती. ती कथा माझी नव्हती. मामाने आणलेल्या धारपांच्या एका संग्रहातून मी ती उचलली होती. पात्रांची नावं बदलली आणि घराच्या जागी पेणचा गणपतीचा कारखाना घातला. बाकी सगळं त्यांचं. कोणाला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढे इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली. कामासाठी अमेरिकेत गेले असताना तिथल्या सार्वजनिक वाचनालयात स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' ही १९७५ ची कादंबरी हाती आली. पन्नासेक पानांत मला गार वाटू लागलं. ही तर धारपांची 'लुचाई'! मग कळत गेलं की 'शपथ'मागे किंगची 'इट' आहे आणि 'आजी' या कथेमागे त्याची 'ग्रॅमा'. मी फार चिडले. ज्याच्याकडून मी चोरलं, त्यानेच दुसऱ्याकडून घेतलं होतं. गंमत म्हणजे तेवढ्यात मला स्वतःलाही माफ करून टाकावंसं वाटलं. धारपांनी केलं ते चालतं, तर नववीतल्या मुलीचं काय एवढं?

पण 'लुचाई' पुन्हा वाचली तेव्हा फरक दिसला. रक्तपिपासू सैतान आपल्या मातीतला नाही. क्रूस पुढे धरून मागे सरणारं संकट मराठी गावात आणायचं, तर त्या गावाची श्रद्धा, नात्यांची वीण, बोलण्याची रीत, सगळं नव्याने उभं करावं लागतं. ते कष्ट धारपांनी घेतले. म्हणून आपल्याला ते गाव आपलं वाटलं. माझ्या कथेत तसं कष्टाने आलेलं एकच होतं. श्रावणातल्या रात्री कारखान्यात ओळीने उभ्या असलेल्या, डोळ्यांची आखणी न झालेल्या मूर्ती आणि ओल्या शाडूचा वास. बाईंनी नेमकं तेच वाक्य दोनदा वाचलं होतं. त्या वयात मला ते समजलं नाही. नाहीतर उरलेली कथाही स्वतःची लिहिली असती.

तरीही एक गोष्ट उरते. मामाने आणलेल्या त्या पुस्तकात किंगचं नाव वाचल्याचं मला आठवत नाही. ते पहिल्या पानावर ठळक असतं, तर धारपांचं मोठेपण तसूभरही कमी झालं नसतं, उलट आम्ही किंगपर्यंत दहा वर्षं आधी पोचलो असतो. आमच्या कामात दुसऱ्याचा कोड वापरायला हरकत नसते, पण तो कुठून घेतला ते वर एका ओळीत लिहायचं असतं. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यातच हे शिकवते. ते शिकवताना दर वेळी मला आपला नववीचा वर्ग आठवतो.

देणं नीट सांगितलं तर काय होतं, तेही पाहायला मिळालं. २०१८ मध्ये 'तुंबाड' आला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी एका मित्राकडून रात्री जंगलात धारपांची गोष्ट ऐकली होती, तिथून त्यांच्या चित्रपटाचं बीज पडलं. नाव सुचलं श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आणि धारप वाचले नव्हते अशी पोरंही त्यांची पुस्तकं शोधू लागली. २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. माझ्या मुलानेही तो पाहून आल्यावर माझ्याकडे 'लुचाई' मागितली. मी दिली, आणि सोबत किंगचं नावही सांगितलं.

हस्तलिखिताच्या स्पर्धेत दुसरा नंबर आपल्याच वर्गातल्या एकाचा आला होता. खारेपाटातल्या मिठागरावर राबणाऱ्या आजोबांवर त्याने लिहिलं होतं. ते सगळं त्याचं स्वतःचं होतं. पहिल्या बक्षिसाचं पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे, शाळेच्या शिक्क्यासकट. ते पुस्तक मी मेळाव्याला घेऊन येणार आहे. ते त्याचं आहे. आणि बाई, तुम्ही आलात तर तुमच्याशीही मला दोन मिनिटं बोलायचं आहे.