गच्चीवर हाडं वाळवणारा प्रोफेसर, ज्यानं 'बंगाल केमिकल्स' उभी केली

२०२० चा लॉकडाऊन आठवतोय? हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी अख्खं जग भारताकडे बघत होतं आणि 'बंगाल केमिकल्स' हे जुनं नाव अचानक बातम्यांत झळकलं. ही कंपनी सुरू झाली ती कोलकात्यातल्या एका प्रोफेसरच्या भाड्याच्या घरात. त्यांचं नाव आचार्य प्रफुल्लचंद्र रे.

रे यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ चा, आजच्या बांगलादेशातल्या रारुली गावचा. शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबराला गेले आणि १८८७ मध्ये रसायनशास्त्रात डी.एस्सी. झाले. १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात नोकरी लागली, पगार महिना २५० रुपये. वरच्या श्रेणीतल्या जागा आणि मोठे पगार बहुतेक इंग्रजांसाठीच राखलेले होते.

पण पगारापेक्षा त्यांना दुसरीच गोष्ट खटकत होती. रसायनशास्त्र शिकलेली मुलं कारकुनीच्या नोकऱ्या शोधत फिरायची आणि देशात औषधं मात्र बोटीनं यायची.

हाडांपासून औषध

१८९२ च्या सुमारास रे यांनी जेमतेम सात-आठशे रुपयांच्या भांडवलावर घरातच काम सुरू केलं. औषधांसाठी फॉस्फेट हवं होतं. त्यासाठी लागणारा कच्चा माल कसायांकडे जवळपास फुकट मिळत होता, तो म्हणजे जनावरांची हाडं.

पोती भरून हाडं आणली आणि गच्चीवर वाळत घातली. नेमका पाऊस लागला. हाडांना चिकटलेलं मांस सडलं, अळ्या पडल्या, कावळे ते तुकडे शेजाऱ्यांच्या घरांवर टाकू लागले. तक्रारी सुरू झाल्यावर हाडं गावाबाहेर नेऊन जाळावी लागली.

त्या राखेवर सल्फ्युरिक अ‍ॅसिडची आणि मग सोड्याची प्रक्रिया करून सोडियम फॉस्फेट तयार झालं. यात नवा शोध काहीच नव्हता, कृती पुस्तकातलीच होती. नवीन होतं ते इथल्या टाकाऊ मालातून, इथल्या हातांनी ती करून दाखवणं.

माल तयार, पण घेणार कोण?

खरी अडचण विक्रीची होती. दुकानदारांना विलायती लेबलच हवं असायचं. इथे त्यांचे डॉक्टर मित्र अमूल्यचरण बोस कामी आले. त्यांनी इतर डॉक्टरांना ही औषधं लिहून द्यायला राजी केलं. सोबत अडुळशाचं सरबत, ओव्याचा अर्क अशी घरोघरी माहीत असलेली औषधं आधुनिक पद्धतीनं बाटलीत आली.

जम बसत असतानाच दोन मोठे धक्के बसले. बोस यांचे मेहुणे, तरुण रसायनतज्ज्ञ सतीशचंद्र सिन्हा, प्रयोगशाळेत काम करताना विषारी हायड्रोसायनिक अ‍ॅसिडमुळे दगावले. १८९८ मध्ये प्लेगनं खुद्द बोस यांनाही नेलं. दिवसभर कॉलेज आणि संध्याकाळी कारखाना, असा सगळा भार एकट्या रे यांच्यावर आला.

त्यांनी काम सोडलं नाही. १९०१ मध्ये 'बंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स' ही लिमिटेड कंपनी झाली. पुढे माणिकतल्याला मोठा कारखाना उभा राहिला आणि अ‍ॅसिडही तिथेच बनू लागलं. १९३८ मध्ये कंपनी मुंबईत आली. प्रभादेवीचा पत्ता सांगताना आजही 'बंगाल केमिकल'ची खूण सांगतात, ती याच कंपनीमुळे.

८०० मधले ४०

१९०१-०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी कोलकात्यात गांधीजींशी त्यांची ओळख करून दिली. तेव्हा रे यांचा पगार ८०० रुपये झाला होता. त्यातले ४० स्वतःसाठी ठेवून बाकीचे ते सार्वजनिक कामांना देत. त्यांनी लग्न केलं नाही. अखेरची वर्षं विज्ञान महाविद्यालयातल्या एका खोलीत काढली आणि १६ जून १९४४ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

१९८० मध्ये कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं. भाड्याच्या घरात सुरू झालेला तो उद्योग आज सरकारी कंपनी म्हणून औषधं बनवतो.