नेपोलियनची धास्ती
वडिलांना झालेला जठराचा कॅन्सर आपल्यालाही होईल का, असे सोलापूरच्या ओपीडीत अनेक रुग्ण विचारतात. नेपोलियनलाही हीच धास्ती होती. त्याचे वडील कार्लो १७८५ मध्ये जठराच्याच रोगाने गेले. सेंट हेलेना बेटावर कैदेत असताना, मुलाच्या काळजीपोटी, मृत्यूनंतर आपले जठर नीट तपासावे असे त्याने डॉक्टर अँटोमार्की यांना बजावले होते. ५ मे १८२१ रोजी तो वारला. शवविच्छेदनात जठरात मोठा व्रण दिसला. तो कॅन्सरचाच, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. मुलगा मात्र १८३२ मध्ये क्षयाने गेला.

दोष रक्ताचाच होता का? हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुधा लहानपणी घरातल्यांकडूनच लागतो. त्याच्या कॅग-ए जनुक असलेल्या प्रकारांत कॅन्सरचा धोका अधिक. नेपोलियनलाही हाच संसर्ग असावा, असा काही संशोधकांचा तर्क आहे. आज श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत हा जंतू कळतो आणि औषधांनी जातो.