कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि पडद्यावरची स्त्री

महाराणी ताराबाईंनी इ. स. १७१० मध्ये पन्हाळगडावर करवीरची गादी स्थापन केली, हे आपल्या गावातील लहान मुलीलाही ठाऊक असते. ज्या मुलुखाचा कारभार एका विधवा राणीने हाकला, त्याच मुलुखात दोनशे वर्षांनी एखाद्या बाईने तोंडाला रंग लावून चार लोकांपुढे उभे राहणे म्हणजे घराण्याला बट्टा, असे मानले जात होते. राणी चालली, नटी चालेना! ही समजूत ज्यांच्या हातून थोडीशी तरी हलली, त्या कै. बाबूराव पेंटरांची ओळख भगिनींना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. जन्म कोल्हापुरात ३ जून १८९० रोजी झाला. वडील कृष्णराव हे हुन्नरी कारागीर. लाकूड, लोखंड, मूर्तिकाम, कशालाही त्यांचा हात बसे. बाबूराव व त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांनी चित्रकला अशीच घरच्या घरी, पाहून पाहून आत्मसात केली. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी या बंधूंनी रंगविलेले पडदे फार गाजले आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले.

त्या पडद्यांपुढे वावरणाऱ्या नायिका बहुधा पुरुषच असत. खुद्द केशवरावांनी स्त्रीभूमिका केल्या होत्या. बालगंधर्वांचे लुगडे नेसणे, त्यांचे दागिने, त्यांचा गजरा यांचे अनुकरण घरंदाज बायका हौसेने करीत. यात गंधर्वांच्या कलेला उणेपणा येत नाही. पण मौज अशी की, पदर कसा घ्यावा आणि रुसावे कसे, याचा धडा बायका एका पुरुषाकडून घेत होत्या आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नव्हते. चित्रपटातही तोच प्रकार. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते साळुंके नावाचे गृहस्थ. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या खऱ्या स्त्रिया पडद्यावर आल्या, तरी वहिवाट काही बदलली नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या.

फाळक्यांचे चित्र पाहून पेंटर बंधूंना आपलाही चित्रपट असावा असे वेड लागले. परदेशी कॅमेरा परवडेना, तेव्हा आपणच बनवू म्हणाले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, तिला शाहू छत्रपतींचा आश्रय मिळाला. भांडवलाचा मोठा भार उचलला तो मात्र तानीबाई कागलकर या गायिकेने. या गोष्टीचा उच्चार व्हावा तितका होत नाही, म्हणून येथे मुद्दाम केला.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात त्यांचा ‘सैरंध्री’ लागला. कथा आपल्या ओळखीची: अज्ञातवासात दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर पापी नजर ठेवणारा कीचक आणि भीमाने केलेला त्याचा वध. याच कथेवरचे खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक सरकारने १९१० मध्ये बंद केले होते, त्यामुळे द्रौपदीची विटंबना ही देशाची विटंबना, हा अर्थ प्रेक्षकांना सांगावा लागत नव्हता. वधाचा देखावा इतका भयंकर उतरला की सेन्सॉरने कात्री लावली. लोकमान्यांनी बाबूरावांना सुवर्णपदक व ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले.

या चित्रात बाबूरावांनी गुलाबबाई व अनसूयाबाई या दोन स्त्रियांना घेतले. पडद्यावर त्या कमलादेवी व सुशीलादेवी झाल्या. त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. राहायलाही जागा उरली नाही, तेव्हा कंपनीच्या आवारातच त्यांना आसरा मिळाला. स्त्रीच्या अब्रूसाठी पेटून उठणारा तोच समाज, तीच कथा पडद्यावर उभी करणाऱ्या बायकांना मात्र उंबऱ्याबाहेर काढीत होता. चित्रातल्या सैरंध्रीसाठी डोळ्यांत पाणी आणि जिवंत बाईकडे पाठ! असला दुटप्पीपणा आज पुरता गेला आहे, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

पुढे ‘सिंहगड’ (१९२३) आला, आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’. कर्जाने जमीन गमावलेला शेतकरी, त्याचे काळोखे खोपट, बाहेर विव्हळणारे कुत्रे. देवदेवता नाहीत, राजवाडे नाहीत. कमलादेवी याही चित्रात होत्या, आणि आपल्या रानात राबणाऱ्या बाईचे जिणे पडद्यावर येण्याच्या योग्यतेचे आहे, हे येथे पहिल्यांदा ठरले असे मला वाटते. प्रेक्षकांना मात्र पुराणाची व शालू-शेल्यांची गोडी लागलेली. त्यांनी या चित्राला तितकासा हात दिला नाही. बाबूराव पुन्हा जुन्या वाटेला वळले. दोष एकट्या निर्मात्याचा नसतो. आपण जे पाहतो तेच पुन्हा आपल्यापुढे वाढले जाते. दूरदर्शन संचावरच्या मालिकांना नावे ठेवणाऱ्या आपण रोज त्याच वेळी त्यांच्यापुढे बसतो की नाही?

१९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल ही शिष्यमंडळी बाहेर पडली व त्यांनी प्रभात काढली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर फार काळ तग धरू शकली नाही. पण १९३२ मध्ये कोल्हापुरातच प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ केला, त्यात तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे, मुंबईच्या सुखवस्तू घरातल्या. साळुंक्यांची तारामती आणि ही तारामती यांत एकोणीस वर्षांचे अंतर. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये तर शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्याशी लावलेले लग्न मानायलाच तयार होत नाही.

बाबूरावांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे काही बोलपट केले, पण मन चित्र-शिल्पातच अधिक रमले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ला शांतारामांबरोबर त्यांचा हात लागला, त्यात हंसा वाडकर होत्या. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांनी कोल्हापुरात देह ठेवला. त्यांची ‘सैरंध्री’ आज पाहायला मिळत नाही. गुलाबबाई व अनसूयाबाईंची हकीकत आपल्यापर्यंत आली ती इतरांच्या तोंडून. हंसाबाईंनी मात्र आपले आयुष्य स्वतः सांगितले; ‘सांगत्ये ऐका’ हे त्यांचे पुस्तक १९७० साली निघाले.