विश्लेषण : हुकूमशाहीच्या सेन्सॉरवर फ्रेंच सहनिर्मितीची मात? कोण होते लिनो ब्रोका?

फिलिपिन्समध्ये फर्डिनांड मार्कोस यांची सत्ता असताना सरकारला झोंबणारा चित्रपट काढणे म्हणजे पैसा, रिळे आणि प्रसंगी स्वातंत्र्यही पणाला लावणे होते. दिग्दर्शक लिनो ब्रोका यांनी परदेशी निर्मात्याला सोबत घेऊन त्यातून वाट काढली. ही सहनिर्मिती कशी उपयोगी पडली आणि कुठे कमी पडली?

सुरुवात कशी झाली?

ब्रोका यांचा जन्म ३ एप्रिल १९३९ रोजी सोर्सोगोन प्रांतातील पिलार येथे झाला. वडील लहानपणीच वारले. युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्समध्ये शिकताना त्यांना नाटकाची गोडी लागली. पुढे त्यांनी मॉर्मन पंथ स्वीकारला. धर्मप्रचारक म्हणून हवाईला गेले असता मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत त्यांनी काम केले. मायदेशी परतल्यावर नाटक आणि १९७० पासून चित्रपट, असा त्यांचा प्रवास सुरू झाला.

कान महोत्सवापर्यंत कसे पोहोचले?

मार्कोस यांनी १९७२ मध्ये देशात लष्करी कायदा लागू केला. सरकारला चकाचक मनिला दाखवायची होती. ब्रोकांचा कॅमेरा मात्र बांधकाम मजूर आणि झोपडपट्टीकडे वळला. ‘मायनिला सा मगा कुको नग लिवानाग’ (१९७५) आणि ‘इन्सियांग’ (१९७६) हे त्यांचे गाजलेले चित्रपट. फ्रेंच चित्रपट अभ्यासक पिएर रिसियाँ यांच्या पुढाकाराने ‘इन्सियांग’ १९७८ मध्ये कानला गेला. १९८० मध्ये ‘जॅग्वार’ने तेथील मुख्य स्पर्धेत स्थान मिळवले. असा मान मिळालेला तो पहिला फिलिपिनो चित्रपट होता.

सहनिर्मितीने काय साधले?

‘बायन को : कापित सा पातालिम’ (१९८४) हा मनिलाची मलाया फिल्म्स आणि फ्रान्सची स्टेफान फिल्म्स यांचा संयुक्त चित्रपट. त्याचा नायक छापखान्यातील कामगार आहे. बायको बाळंत होते, पण बिल भरेपर्यंत रुग्णालय तिला आणि बाळाला सोडत नाही. अखेर तो दरोड्याकडे वळतो.

हा चित्रपट देशाबाहेर चोरून न्यावा लागला आणि १९८४ च्या कान स्पर्धेत झळकला. जगाने पाहिलेला चित्रपट सरकारला गुपचूप दडपता येईना. मायदेशी सेन्सॉर मंडळाने काटछाट मागितली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. शेवटी मंडळाने काटछाटीचा आग्रह सोडला, पण ‘फक्त प्रौढांसाठी’ हा शिक्का कायम राहिला.

किंमतही मोजावी लागली. १९८५ च्या सुरुवातीला जीपनी चालकांच्या संपाला पाठिंबा दिल्याबद्दल ब्रोका तुरुंगात गेले. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत आनंदवनचे बाबा आमटेही होते.

मार्कोस गेल्यावर अडचणी संपल्या का?

नाही. १९८६ मध्ये मार्कोस पळाले. नव्या राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी ब्रोकांना राज्यघटना आयोगावर नेमले, पण काही महिन्यांतच त्यांनी राजीनामा दिला. १९८९ मध्ये त्यांनी पुन्हा फ्रेंच साथीने ‘ओराप्रोनोबिस’ काढला. लोकशाही परतल्यावरही सशस्त्र टोळ्या गावकऱ्यांना मारत आहेत, हे त्यात दाखवले होते. चित्रपट कानला दाखवला गेला, पण मायदेशातील चित्रपटगृहांत त्याला जागा मिळाली नाही. परदेशी भागीदार पैसा आणि व्यासपीठ देऊ शकत होता; ज्यांची गोष्ट सांगितली त्या प्रेक्षकांपर्यंत चित्रपट पोहोचवणे त्याच्याही हातात नव्हते.

आज काय उरले?

मे १९९१ मध्ये क्वेझोन सिटीत मोटार अपघातात ब्रोका गेले, वयाच्या ५२ व्या वर्षी. १९९७ मध्ये फिलिपिन्सने त्यांना मरणोत्तर ‘नॅशनल आर्टिस्ट’ हा सर्वोच्च कलासन्मान दिला. ‘मायनिला’ची मूळ निगेटिव्ह ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जपून ठेवली होती. तिच्यावरूनच २०१३ मध्ये नवी प्रत तयार झाली.